रात्री दोनचं ‘रिलीज’: आपली मुलं तेव्हा नेमकं करतात काय?

मागच्या पालक सभेत हजेरीची सही झाल्यावर एक अम्मी थांबल्या. धाकट्या मुलाच्या मार्कांविषयी काही विचारतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी विषय काढला तो थोरल्याचा. “टीचर, मोठा महापेला कंपनीत लागलाय. महिन्यातून दोनदा रात्रभर लॅपटॉपसमोर बसतो. विचारलं तर म्हणतो, अम्मी, आज रिलीज आहे. सिनेमा रिलीज होतो ते ठाऊक आहे, पण याचं काय रिलीज होतं?”

आम्ही हसलो, पण उत्तर आम्हालाही नीट देता आलं नाही. पनवेल, तळोजा, खारघर या पट्ट्यात आता बहुतेक मोहल्ल्यांत एखादं तरी पोर सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि घरच्यांना त्याचा पगार कळतो, काम कळत नाही. म्हणून आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीला गाठलं. ती पाच वर्षांपासून हेच काम करते. दोन रविवार तिने आम्हाला समोर बसवून शिकवलं. जे समजलं ते इथे लिहितो आहोत, पालकांसाठी आणि थोडं त्या मुलांसाठीही, जी कोडिंगचा क्लास करून नोकरी शोधत आहेत. क्लासमध्ये भाषा शिकवतात. लिहिलेला कोड लोकांपर्यंत कसा सोडायचा, हे बहुतेक ठिकाणी शिकवतच नाहीत, आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात पोरं नेमकी तिथेच घाबरतात.

सुरुवात एका शब्दापासून. सॉफ्टवेअरवाले ‘प्रॉडक्शन’ म्हणतात तेव्हा कारखाना डोळ्यांसमोर आणू नका. लोक खरोखर वापरत असतात ती चालू आवृत्ती म्हणजे प्रॉडक्शन. ‘लाइव्ह’ही म्हणतात.

२०२५ ची अकरावी प्रवेशाची गडबड ज्यांच्या घरात होती त्यांना हा फरक पटकन कळेल. त्या वर्षी पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन प्रवेश ठेवला होता. १९ आणि २० मे हे दोन दिवस मुलांना सरावासाठी दिले होते. फॉर्म उघडा, भरून पाहा, चुकलं तरी हरकत नाही, कारण २० तारखेच्या रात्री ती सगळी माहिती पुसली जाणार होती. खरी नोंदणी २१ मेला सकाळी ११ वाजता सुरू व्हायची होती. त्या दिवशी तांत्रिक अडचणीमुळे संकेतस्थळ चाललं नाही आणि नोंदणी २६ मेपासून सुरू झाली. सरावाचे दोन दिवस आणि खरा दिवस, यात फॉर्म तोच होता. पण सरावात चूक झाली तर पुसता येते, आणि खऱ्या दिवशी काही बिघडलं तर राज्यभरातली मुलं सायबर कॅफेत ताटकळतात. म्हणूनच प्रॉडक्शनला हात लावताना अनुभवी माणसंही दोनदा विचार करतात.

आमच्या पेपरची गोष्ट

गिट, ब्रँच वगैरेंकडे वळण्याआधी आमचीच एक फजिती सांगतो. त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमच्याकडे गणिताचा पेपर आधी मराठीत तयार होतो, मग त्याची उर्दू प्रत होते. एका वर्षी काटकोन त्रिकोणाचा प्रश्न होता. कर्ण १३ सेंमी, एक बाजू १२ सेंमी, दुसरी बाजू काढा. उत्तर ५. उर्दू प्रत टाइप करताना १२ चे २१ झाले. आता कर्ण १३ आणि बाजू २१ असा काटकोन त्रिकोण जगात असूच शकत नाही. पोरं वर्गमूळ काढत बसली, उत्तर ऋण येत राहिलं. वीस मिनिटांनी एका मुलीने हात वर केला, तेव्हा आमच्या लक्षात आलं. आम्ही वर्गावर्गात जाऊन फळ्यावर दुरुस्ती लिहिली, छापील पेपरवर पेनाने २१ खोडून १२ केले आणि दहा मिनिटं जादा दिली. प्रश्न मिटला.

मिटला कुठला? कॉम्प्युटरमधली फाइल तशीच राहिली होती. दोन वर्षांनी पेपर काढायची घाई होती, म्हणून आम्ही जुनीच फाइल उघडली, तारीख बदलली आणि छपाईला दिली. पुन्हा तोच २१, पुन्हा तेच ऋण वर्गमूळ. फोल्डरमध्ये ‘पेपर फायनल’, ‘पेपर फायनल नवीन’ आणि ‘पेपर फायनल खरा’ अशा तीन फाइली होत्या. त्यातली कोणती छापली होती हे आमच्यापैकी कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना.

ही गोष्ट ऐकून आमची विद्यार्थिनी म्हणाली, “टीचर, पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं.” ते पुढे येईलच.

नोंदवही आणि तिच्या फांद्या

कुणी काय बदललं, कधी बदललं, का बदललं, याची नोंद ठेवणाऱ्या साधनाला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. आज त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे गिट. लिनक्स ही संगणक प्रणाली जगभर विखुरलेली माणसं मिळून लिहितात. त्यांचं काम ज्या बिटकीपर नावाच्या साधनावर चालायचं, त्याची मोफत सवलत २००५ मध्ये बंद झाली. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं, आणि जुलैपर्यंत ते जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवलं. गिट आजही फुकट आहे. कुणाही विद्यार्थ्याला ते आपल्या लॅपटॉपवर टाकता येतं.

गिटमध्ये कामाचा एक तुकडा पूर्ण झाला की तो ‘कमिट’ करायचा, म्हणजे वहीत सहीनिशी नोंद करायची. प्रत्येक नोंदीला आपला वेगळा क्रमांक मिळतो आणि आधीची नोंद कोणती तेही त्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे कितीही मागे जाऊन ‘त्या दिवशी नेमकं काय होतं’ ते जसंच्या तसं काढता येतं. आमच्या तीन ‘फायनल’ फाइलींचा घोळ इथे होतच नाही.

आता ब्रँच, म्हणजे फांदी. पनवेलकरांना हे समजवायला स्टेशनच पुरे. दिवा, कर्जत, रोहा, उरण या दिशांच्या लाइनी आपल्याकडे येऊन मिळतात. मालगाडी बाजूच्या लूप लाइनवर उभी असते आणि मागून आलेली एक्स्प्रेस मेन लाइनवरून निघून जाते. मालगाडी मेन लाइनवरच उभी राहिली असती तर मागच्या सगळ्या गाड्या अडकल्या असत्या. कोडचंही तसंच. मुख्य फांदीला बहुतेक ठिकाणी ‘मेन’ म्हणतात, जुन्या प्रकल्पांत ‘मास्टर’. अर्धवट काम बाजूच्या फांदीवर उभं राहतं आणि मेन लाइन मोकळी राहते.

उदाहरण घेऊ. समजा, तीन मुलं मिळून शाळेची फी भरायचं ॲप सांभाळतात. एक मुलगी ॲपला उर्दूत आणते आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे नुसते शब्द बदलून भागत नाही. बटणं, रकाने, बाण सगळं फिरवावं लागतं. तीन आठवड्यांचं काम. दहाव्या दिवशी फोन येतो की पावतीवर तारीख चुकीची पडते आहे आणि पालक ऑफिसात भांडत आहेत. ही दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. पण सगळे एकाच जागी काम करत असतील तर? पावती दुरुस्त करून सोडायची म्हटलं की तिच्यासोबत अर्धंमुर्धं उर्दूही लोकांच्या मोबाइलवर जाणार, म्हणजे बटणं एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे. नाही सोडायचं म्हटलं तर पालक आणखी अकरा दिवस भांडणार.

फांद्या असतील तर ही कोंडी होतच नाही. उर्दूचं काम स्वतःच्या फांदीवर शांतपणे चालू राहतं. दुरुस्ती करणारा मुलगा लोकांकडे आज जी आवृत्ती आहे, बरोबर तिच्यावरून छोटी फांदी काढतो, तारीख ठीक करतो, तपासून घेतो आणि तेवढीच सोडतो. याला ‘हॉटफिक्स’ म्हणतात. आमच्या मते या सगळ्या विषयाचं सार एवढंच आहे की तयार आणि अर्धवट काम एकाच गाडीत बसता कामा नये. बाकीचे नियम त्यातूनच निघतात.

फांदीवरचं काम मेनमध्ये आणण्याला ‘मर्ज’ म्हणतात. चांगल्या टीममध्ये कुणी स्वतःचं काम स्वतःच गुपचूप मर्ज करत नाही. आधी ‘पुल रिक्वेस्ट’ टाकायची, म्हणजे ‘हे एवढं बदललं आहे, पाहून घ्या’ अशी विनंती. दुसरा माणूस ओळ न ओळ वाचतो, शंका विचारतो, मशीन आपोआप ठरलेल्या चाचण्या चालवून दाखवतं, मगच मंजुरी. आमचा उर्दू पेपर ज्याने टाइप केला त्यानेच तपासला होता. आपली चूक आपल्याला दिसत नाही, डोळा ती सरावाने बरोबरच वाचतो. शिक्षकांना हे सांगायला नको.

दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर गिट मर्ज करताना थांबतं आणि विचारतं, यातलं कोणतं ठेवू? हा ‘कॉन्फ्लिक्ट’. नवी मुलं याला फार घाबरतात. खरं तर ते मशीन प्रामाणिक आहे, मनाने काही ठरवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. फांदी जितके दिवस वेगळी राहील तितके हे झगडे वाढतात. म्हणून तीन आठवड्यांच्या उर्दूचेही छोटे तुकडे करून दर एक-दोन दिवसांनी मेनमध्ये आणावेत, आणि पूर्ण होईपर्यंत ते लोकांना दिसू नये म्हणून कोडमध्येच एक बटण बंद ठेवावं. त्या बटणाला ‘फीचर फ्लॅग’ म्हणतात.

सोडताना

आवृत्ती सोडायचं ठरलं की मेनवरच्या त्या नेमक्या नोंदीवर एक चिठ्ठी चिकटवतात, तिला ‘टॅग’ म्हणतात. त्यावर आकडा असतो, समजा २.४.०. बहुतेक ठिकाणी पहिला आकडा मोठ्या उलथापालथीचा, दुसरा नव्या सोयीचा, तिसरा दुरुस्तीचा. पावतीची तारीख ठीक केली की २.४.१. आता कुणी विचारलं, लोकांकडे आज काय आहे, तर उत्तर एका आकड्यात देता येतं.

मग तीच आवृत्ती आधी सरावाच्या सर्व्हरवर चढवतात. त्याला स्टेजिंग म्हणतात, अकरावीच्या १९ आणि २० मेसारखं. तिथे ठीक चाललं की लाइव्हवर. आणि रात्री का? हार्बर लाइनचा मेगाब्लॉक रविवारी का घेतात, याचं जे उत्तर तेच. वापरणारे कमी असतात तेव्हा काम उरकायचं. ॲप बंद न करता दिवसाढवळ्या आवृत्ती बदलणाऱ्या कंपन्याही आता पुष्कळ आहेत, पण बँकेसारख्या ठिकाणी रात्रपाळी अजून चालते.

एकदम सगळ्यांना सोडायचं की थोड्यांना, हा प्रश्न यानंतरचा, आणि त्याची शिकवण महाग पडलेली आहे. १९ जुलै २०२४ ला सकाळी विमानतळांवरचे कॉम्प्युटर निळे पडले, आपल्या देशात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, ते आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर एकदम गेली. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने ती मागे घेतली, तोवर सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बसले होते, आणि फाइल मागे घेतली तरी ते आपोआप उठेनात. आधी थोड्या कॉम्प्युटरवर सोडून पाहायचं, मग पुढे जायचं, हे कंपनीने त्यानंतर कबूल केलं.

जवळचं उदाहरण मुंबई विद्यापीठाचं. पनवेलची बरीच कॉलेजं त्याच विद्यापीठाची. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांचे लाखो पेपर कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासायची नवी पद्धत सगळ्या शाखांना एकाच हंगामात लावली गेली. कुलपती या नात्याने राज्यपालांनी निकालासाठी ३१ जुलैची मुदत दिली, ती टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं. पद्धत वाईट नव्हती. पण आधी एकाच शाखेवर चालवून पाहिली असती तर अडचणी तिथेच कळल्या असत्या आणि बाकीच्या मुलांचं वर्ष टांगणीला लागलं नसतं.

बिघडलंच तर मागे यायचं, त्याला रोलबॅक म्हणतात. टॅग असेल तर कालची २.४.० पुन्हा चढवणं सोपं असतं. पण यावर डोळे मिटून विसंबू नये. अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढवला, आठवा राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ ला त्या आठव्यावर जुना, वर्षानुवर्षं न वापरलेला कोड जागा झाला आणि भरमसाट सौदे करू लागला. घाईत त्यांनी काय केलं, तर सातांवरचा नवा कोड काढला. त्यामुळे जुना कोड आठही ठिकाणी जागा झाला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान, आणि कंपनी पुढे दुसऱ्याने विकत घेतली. मागे कसं यायचं हे आधी ठरवून, करून पाहिलेलं नसेल तर रोलबॅक हाही एक नवा धोकाच असतो. डेटाबेसचं तर जास्तच. नव्या आवृत्तीने नोंदींचे रकाने बदलले असतील तर जुन्या कोडला ते वाचता येत नाहीत.

दुरुस्ती घरी आणणं

आता आमच्या विद्यार्थिनीची गोष्ट. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात तिने एक तातडीची दुरुस्ती केली. लाइव्ह आवृत्तीवरून फांदी काढली, चूक सुधारली, सोडली, साहेबांनी शाबासकी दिली. ती फांदी मेनमध्ये मर्ज करायची मात्र राहिली. दोन आठवड्यांनी ठरलेलं रिलीज मेनवरून झालं आणि मेनला त्या दुरुस्तीचा पत्ताच नव्हता. जी चूक सगळे विसरले होते तीच पुन्हा लाइव्हवर. ग्राहकाने विचारलं, ही तर तुम्ही सुधारली होती ना? ती सांगते की त्या दिवशी ती कोपरखैरणे स्टेशनवर अर्धा तास बाकावर बसून राहिली, घरी जायची हिंमत होईना. छापील पेपरवर पेनाने २१ खोडणारे आम्ही तिला काय सांगणार!

तेव्हापासून तिच्या टीममध्ये नियम आहे की हॉटफिक्स लाइव्हवर गेला तरी तो मेनमध्ये परत येईपर्यंत काम संपलं असं धरायचं नाही. दोन-तीन आवृत्त्या एकाच वेळी लोकांकडे असतील तर त्या प्रत्येकीत तेवढीच नोंद उचलून नेतात, त्याला ‘चेरी-पिक’ म्हणतात.

फांद्या किती ठेवाव्यात यावर या धंद्यात बराच वाद आहे. व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी २०१० मध्ये एक पद्धत मांडली. त्यात मेन वेगळी, रोजच्या कामाची ‘डेव्हलप’ वेगळी, शिवाय फीचर, रिलीज आणि हॉटफिक्सच्या फांद्या. ‘गिट-फ्लो’ या नावाने ती जगभर गेली, मुलाखतीत आजही विचारतात. पण दहा वर्षांनी, २०२० मध्ये, त्यांनी स्वतःच लिहिलं की सतत बदलणाऱ्या वेबसाइटसाठी याहून साधी पद्धत घ्या. आमच्यासारख्या नवशिक्यांना साधीच बरी वाटते. एक मेन, छोट्या कामाच्या छोट्या फांद्या, आणि काम मर्ज झालं की फांदी पुसून टाकायची.

ज्या मुलांना नोकरी शोधायची आहे त्यांनी दोन मित्रांना सोबत घ्यावं आणि एखादं छोटं पान बनवावं, मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी असली तरी चालेल. मेनवर थेट लिहायला स्वतःवर बंदी घालावी. एकमेकांच्या पुल रिक्वेस्ट वाचाव्यात. मुद्दाम एकच ओळ दोघांनी बदलून कॉन्फ्लिक्ट घडवावा आणि सोडवावा. टॅग लावून सोडावं, त्यात जाणूनबुजून चूक टाकावी, ‘गिट रिव्हर्ट’ने मागे यावं, हॉटफिक्स करून तो मेनमध्ये आणावा. चार रविवारचं काम आहे, खर्च शून्य. सर्टिफिकेटच्या भेंडोळ्यापेक्षा ही नोंदवही मुलाखतीत जास्त बोलते, असं आमची विद्यार्थिनी म्हणते. ती आता स्वतः मुलाखती घेते.

त्या अम्मींना आम्ही फोन करून यातलं जमेल तेवढं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तो शुक्रवारी कधीच का जागत नाही?” हे मात्र आम्हाला आधीच शिकवलेलं होतं. शुक्रवारी रात्री सोडलं आणि बिघडलं, तर शनिवारी दुरुस्त करायला ऑफिसात कुणी नसतं.